दम धरा, बाई

"होडीपासनं चार हात लांब ऱ्हायाचं, बाई. जवळ आलं की हात आपसूक जातोय," हिंदुरावमामा म्हणाले आणि वल्हं मारून त्यांनी होडी मागे घेतली.

मी गुडघाभर पाण्यात उभी होते. डिसेंबरातली सकाळ, सात वाजायला पाच मिनिटं कमी. डोक्यावर पिवळी रबरी टोपी, डोळ्यांवर गॉगल, डाव्या घोट्याला वेळ मोजणारी चिप. आजूबाजूला साठ-सत्तर स्पर्धक हात झाडत, माना फिरवत उभे होते आणि त्यातले निम्मे माझ्या हाताखालून दहावी होऊन गेलेले वाटावेत इतके लहान होते. आधी साडेसातशे मीटर पोहायचं, मग वीस किलोमीटर सायकल, मग पाच किलोमीटर पळायचं. सायकलची आणि पळण्याची मला काळजी नव्हती. शाळेत मी सायकलनंच जात असे, आणि पोरांच्या मागं पळण्यात माझी अठरा वर्षं गेली होती. माझं घोडं अडायचं ते पाण्यात.

मान वळवून बांधाकडे पाहिलं. सर्जेराव, म्हणजे माझे यजमान, थर्मास हातात घेऊन उभे होते. त्यांनी हात हलवला. त्यांच्या शेजारी माझी मुलगी तेजल उभी होती, स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून घेऊन. तिनं हात हलवला नाही. ती पंच म्हणून आली होती, आणि पंचानं हात हलवायचा नसतो हे तिला कळत होतं.

आदल्या वर्षी याच तलावात, याच शर्यतीत मी एकशेतीस मीटरवर होडी धरली होती. धरली म्हणजे घोरपड चिकटावी तशी धरली. दोघांनी मिळून मला वर ओढलं तेव्हा टोपी एका कानावर आलेली आणि तोंड आ वासलेलं. कुणीतरी त्याचा फोटो काढला आणि तो दुपारपर्यंत शाळेच्या ग्रुपवर आला. आमच्या चित्रकलेच्या सरांनी खाली लिहिलं, 'चौगुलेबाईंची जलसमाधी थोडक्यात टळली.' मीही हसण्याचं चित्र टाकलं. त्या रात्री जेवले नाही, हे कुणाला सांगितलं नाही.

पण या वर्षी प्रश्न फोटोचा नव्हता. प्रश्न दोन महिन्यांपूर्वी आमच्या जेवणाच्या टेबलावर निघाला होता.

तेजल दहावीला होती आणि सहामाहीत तिला गणितात चाळीसपैकी नऊ पडले होते. तालुक्याच्या गावात ज्या बाईला 'गणिताच्या चौगुलेबाई' म्हणून ओळखतात, तिच्या पोटच्या मुलीला नऊ. पाचवीपासून मी तिला रोज संध्याकाळी तास-दीड तास घेऊन बसत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"दम धर," मी त्या दिवशी म्हटलं, "आधी उदाहरण नीट वाच."

"वाचलं."

"मग वडिलांचं वय काय मानलंस?"

ती वहीकडे बघत राहिली. ओठ मिटलेले, मान ताठ.

"काहीतरी मान! क्ष मान, य मान. आणि अशी दगडासारखी बसू नकोस. दम धर, विचार कर."

तिनं पेन्सिल खाली ठेवली. "आई, मी देसाईसरांच्या क्लासला जाते."

"का? मला येत नाही का शिकवायला?"

"तसं नाही. मला तुझ्याजवळ नाही सुचत."

मला ते फार लागलं. गावात काय म्हणतील हे होतंच, खोटं कशाला बोलू? पण त्याहून मोठं दुसरंच होतं. ती मोठी झाल्यापासून माझ्याजवळ बसायची ती तेवढा एक तास. ती शिकवणी गेली, तर तिच्याशी बोलायला माझ्याकडे काय उरणार होतं, ते मला सांगता आलं नसतं. म्हणून मी, शिक्षक कोंडीत सापडल्यावर म्हणतो ते म्हटलं.

"हाती घेतलेलं अर्धवट सोडायची सवय लागली की जन्मभर जात नाही."

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," ती म्हणाली. "तू तलावात नाही सोडलंस?"

आमटी ढवळत असलेल्या सर्जेरावांचा डाव थांबला. मी म्हटलं, "या वर्षी नाही सोडणार."

"होडी न धरता?"

"होडी न धरता."

"मग ठरलं. तू होडी न धरता पार केलास तलाव, तर मी परीक्षेपर्यंत रोज तुझ्यासमोर बसेन, तोंडातून शब्द काढणार नाही. आणि धरलीस, तर देसाईसर. पुन्हा मला गणित शिकवायला बसायचं नाही."

"ठरलं," मी म्हटलं. अर्ध्या हळकुंडानं पिवळी होण्याचा माझा स्वभावच आहे.

शिट्टी वाजली.

साठ-सत्तर माणसं एकदम पाण्यात पडली की पाणी पाणी राहत नाही. कुणाची तरी टाच माझ्या खांद्यावर बसली, कुणाचा हात पाठीवर. थंडी बर्फाच्या पट्टीसारखी कपाळावर ओढली गेली. मी हिंदुरावमामांनी सांगितल्याप्रमाणे कडेकडेनं निघाले. गर्दी पुढे जाऊ द्यायची, आपण आपलं मागनं जायचं.

हिंदुरावमामा तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. साखर कारखान्याच्या पंपहाऊसमधून निवृत्त झालेले. त्यांच्या मळ्यातल्या विहिरीत त्यांनी गावातल्या दोन पिढ्या पोहायला शिकवल्या होत्या. पद्धत एकच. पाठीला सुका भोपळा बांधायचा, काठावर उभं करायचं आणि बेसावध गाठून मागून ढकलायचं. पोरगं किंचाळत खाली जाई आणि हातपाय मारत वर येई. शिकले ते सगळे मुलगेच. मुलींना विहिरीवर कोण पाठवणार? मी त्यांची पहिली बाई विद्यार्थिनी. मला मात्र त्यांनी ढकललं नाही. शाळेच्या बाईंना मागून ढकलायचं कसं, म्हणून मी पायऱ्या उतरून, पदर सावरल्यासारखी अंग सावरत पाण्यात शिरले होते.

जूनपासून आठवड्यात चार दिवस मी त्यांच्या विहिरीवर जात होते. हात चांगले पडायला लागले, पाय वर यायला लागले. पण विहीर ती केवढी? पंधरा-वीस हात मारले की पलीकडची भिंत येई. भिंत धरायची, धापा टाकायच्या, उलट फिरायचं. काठावरून मामांचं एकच पालुपद चाले, "दम धरा, बाई, दम धरा!" मी धरत होते. नोव्हेंबरात तलावावर बांधाच्या कडेनं सराव सुरू केला, तिथंही दर पंचवीस मीटरला मी पाय टेकून उभी राहत होते. मामा काळजीत पडले. "हात झ्याक हैत, पाय झ्याक हैत. दम कमी पडतोय. जरा दम वाढवा," ते म्हणाले. म्हणून मी घरी न्हाणीघरात बादली भरून त्यात तोंड घालून बसायला लागले. शेजारी मोबाईलवर घड्याळ. आधी वीस सेकंद, मग तीस, मग बावन्न. बावन्न सेकंद झाले त्या दिवशी मी सर्जेरावांना हाका मारून बोलावलं होतं. ते म्हणाले, "शाब्बास. आता साडेसातशे मीटरची बादली बघायला पाहिजे."

पहिलं नारिंगी पिंप शंभर मीटरवर तरंगत होतं. तिथवर मी बरी पोहोचले. पाण्यात तोंड, तीन हात, मान वळवायची, घोटभर हवा, पुन्हा तोंड आत. आत काही दिसत नव्हतं, नुसता हिरवट काळोख. छातीत मात्र काहीतरी भरत चाललं होतं. हवा हवी होती म्हणावं, तर छाती गच्च भरलेली; घेतलेली हवा जागच्या जागी आणि नवी घ्यायला मान वळवावी तर आत जागाच नाही. कानशिलं ठणकायला लागली. एकशे दहा. एकशे वीस. मी हात मोजत होते, आणि मला माहीत होतं की आता ती जागा येणार.

आलीच. मान वळवली आणि त्याच वेळी शेजारून गेलेल्या कुणाच्या तरी हाताची लाट तोंडात शिरली. नाकातोंडात पाणी गेलं. खोकले, तर अजून गेलं. गॉगलमध्ये धुकं दाटलं. पाय खाली लोंबायला लागले आणि खाली तळ नव्हता. माझ्या मनात त्या क्षणी तेजल नव्हती, गणित नव्हतं, काहीच नव्हतं. हवा एवढंच होतं.

"दम धरा, बाई! दम धरा!" मामांचा आवाज कुठूनतरी आला.

मी दम धरला. होता नव्हता तेवढा सगळा छातीत कोंडला आणि तोंड पाण्यात घातलं. दोन हात मारले. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी बुडणार हे मला अगदी शांतपणे, उत्तर जुळावं तसं कळलं. आणि हातानं आपलं काम केलं. लाकूड लागलं. चार बोटं त्यावर आवळली.

होडी माझ्या आणि बांधाच्या मधे होती.

"बाई," मामा हळू आवाजात म्हणाले, "हात."

मी बोटांकडे पाहिलं. माझीच होती. नखं निळी पडली होती. आत्ता सोडली तर मी जाणार आणि नाही सोडली तर पैज जाणार, एवढं साधं समीकरण होतं, आणि जिवापुढे पैज काय? तरी मी सोडली. का सोडली, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. चार-पाच सेकंद असतील सगळे मिळून.

"उताण्या व्हा. आभाळाकडं बघा. मी हाय हितं."

मी उताणी झाले. आभाळ पांढरट होतं आणि त्यात एक बगळा चालला होता. कानांत पाणी, छाती भात्यासारखी.

"बांधाकडनं दिसत न्हाई," मामा म्हणाले. "आनि मी काय बघितलं न्हाई. जरा ऱ्हावा अशाच. मग दम धरून..."

"किती धरू?" मी ओरडले. अठरा वर्षं पोरांना ओरडून कमावलेला सगळा आवाज त्यात होता. "किती धरू, मामा? फुटायची वेळ आली छाती! सहा महिने धरतेय! धरून धरून मरायचं का आता?"

वल्हं थांबलं.

"म्हंजे?" मामा म्हणाले. "काय धरताय?"

"दम! तुम्हीच ओरडताय ना? दम धरा, दम धरा!"

ते होडीच्या कडेवरून वाकले. त्यांचा उलटा चेहरा माझ्या डोक्यावर आला, सुरकुतलेला, पांढऱ्या मिशांचा. "बाई," ते म्हणाले, "पाण्यात तोंड घातल्यावर तुमी श्वास कोंडून धरताय व्हय?"

"मग काय करू?"

"आन् सोडताय कवा?"

"वर आल्यावर."

"आन् घेताय कवा?"

वर आल्यावर अर्ध्या क्षणात जुना श्वास टाकायचा आणि त्याच अर्ध्या क्षणात नवा घ्यायचा, हे गणित कोणालाही सुटलं नसतं.

"त्येच्या मारी!" मामांनी कपाळावर हात मारला. "म्हनून बुडबुडं दिसत न्हाईत! मी म्हनतोय, ह्या बाईचं बुडबुडं गेलं कुठं, माझ्या डोळ्यालाच दिसंना झालंय का काय! अवो बाई, दम धरा म्हंजे घाई करू नका! सबुरीनं घ्या! घराघरांत म्हनत्यात की!"

मी पाण्यावर उताणी पडून ऐकत होते. दम धरा म्हणजे घाई करू नका. हे मला माहीत नव्हतं? मी स्वतः वर्गात दिवसाला पन्नास वेळा म्हणत होते. पण पाण्यात शिरलं की दम म्हणजे दुसरं काय असणार? मी शब्द जसा आला तसा घेतला होता आणि सहा महिने इमानदारीनं पाळला होता.

"चूक माझीच हाय," मामा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "तुमास्नी मागनं ढकलाय पायजे हुतं. पोरगं ढकललं की वरडतंय. वरडलं की आतला दम भाईर पडतोय, पाण्यातच. त्येला शिकवाय लागत न्हाई. तुमी आपल्या पायऱ्या उतरून गुमान आलासा. मी नुसतं वरनं सांगत बसलो, तुमी काय ऐकताय ते एकदा बी इचारलं न्हाई."

लांबून कुणीतरी भोंग्यावरून वेळ सांगत होतं. नऊ मिनिटं झाली होती. पस्तीस मिनिटांत पाण्याबाहेर पडलं नाही, तर स्पर्धेतून बाद.

"आता पालथ्या व्हा," मामा म्हणाले. "आन् पाण्यात वरडा."

"काय ओरडू?"

"काय बी. शिव्या द्या मला. पाण्यात कुनाला ऐकू येतंय? तोंड आत हाय तवर वरडायचं, वर आलं की गप, आपसूक हवा आत जातीया."

"मला शिव्या येत नाहीत."

"मग पाढे म्हना की! बाई कशाच्या हाय तुमी?"

मी पालथी झाले. सांगायला लाज वाटते, पण पहिला पाढा म्हणताना मी रडत होते. गॉगलच्या आत रडता येतं, हा त्याचा एक फायदा. तोंड पाण्यात घातलं आणि म्हटलं, बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा. शब्द कसले, गुळण्या केल्यासारखी बडबड. गालांवरून, कानांवरून बुडबुडे वर धावले. मान वळवली. छाती रिकामी होती. हवा नुसती आत आली, न बोलावता, दार उघडं असल्यासारखी.

बे चोक आठ, बे पंचे दहा, बे सक बारा. मान. हवा.

बे साती चौदा.

एकशेतीस मीटरची जागा कधी मागे पडली ते कळलं नाही. दुसऱ्या पिंपाला वळसा घातला तेव्हा मी चारच्या पाढ्यावर होते. सातच्या पाढ्यात एकदा पुन्हा लाट तोंडात गेली, हात होडीच्या बाजूला वळू पाहत होता. "शिव्या द्या, बाई!" मामा ओरडले. मी सातचा पाढा पुन्हा पहिल्यापासून म्हटला, मोठ्यानं. होडी माझ्यापासून चार हातांवर चालली होती आणि मामा वर बसून माझे बुडबुडे बघत होते. "आलं! आलं! झ्याक आलं!" ते म्हणत होते, जसं काही कुठल्या कोरड्या विहिरीला पाणी लागलंय.

एकोणीसच्या पाढ्याला गुडघ्याला चिखल लागला.

बत्तीस मिनिटं. शेवटून चौथी. उभी राहिले तेव्हा बांधावरून सर्जेराव थर्मास उंच धरून नाचत होते. त्यांना नाचताना मी लग्नाच्या वरातीनंतर पहिल्यांदाच पाहिलं. तेजल पळत पाण्याच्या कडेपर्यंत आली होती. बूट भिजले तिचे. ती माझ्याकडे पाहत होती. डोळ्यांत आनंद होता, खरा आनंद, आणि त्याच्या मागे आणखी काहीतरी होतं. "जिंकलीस," ती म्हणाली.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. पण सायकलींकडे पळायचं होतं. मी पळाले.

पुढचं सांगण्यासारखं काही नाही. सायकल झाली, पळणं झालं. गळ्यात पदक पडलं. होडी धरून नुसतं थांबलं, तिच्या आधारानं पुढे सरकलं नाही, तर चालतं, असा शर्यतीचा नियमच होता, त्यामुळे पदक खरं होतं. चित्रकलेच्या सरांनी ग्रुपवर लिहिलं, 'चौगुलेबाई तरल्या.' आठवड्यानं हिंदुरावमामांना पेढे द्यायला गेले तेव्हा त्यांनी एकच पेढा घेतला आणि तोही अर्धा परत केला. "आधी निम्म्या गावाला इचारून आलो," ते म्हणाले, "मी दम धरा म्हनल्यावर तुमी काय करत हुतासा म्हनून. चौघं निघाले तुमच्यासारखे. तिघांनी पवनंच सोडलं हुतं."

शर्यतीच्याच संध्याकाळी मी स्वयंपाकघरात मटार सोलत बसले होते. खांदे भरून आले होते. कुणी न सांगता तेजल आली, समोर खुर्ची ओढली, वही उघडली, पेन्सिलीला टोक काढलं.

"कुठलं घेऊ?" तिनं विचारलं. तोंडातून शब्द काढणार नाही म्हणाली होती ते कुरकुरीबद्दल, आणि आवाजात कुरकूर नव्हती. दिलेला शब्द पाळायला आली होती.

"वयाची घे. तिसरं."

ती वाचायला लागली. 'पाच वर्षांपूर्वी वडिलांचे वय मुलाच्या वयाच्या...' वाचता वाचता अडली. पेन्सिल वहीवर टेकली आणि तिथंच राहिली.

"दम धर," मी म्हटलं.

सवयीनं म्हटलं. आणि म्हटल्याबरोबर माझे सोलते हात थांबले. मी तिच्याकडे पाहिलं. पाच वर्षं समोर बसत होती, पण मी नेहमी वहीकडे बघत आले होते. तिचे खांदे कानांशी गेले होते. ओठ घट्ट मिटलेले. स्वेटरवरची नक्षी हलत नव्हती. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा मी मोजला. पाच. आठ. अकरा. ती त्या उदाहरणाकडे डोळे लावून बसली होती, आणि मला आतून माहीत होतं की तिला आता काय दिसत असेल. हिरवट काळोख.

"तेजल, श्वास सोड."

"काय?"

"श्वास धरून बसली होतीस."

तिनं फुस्सकन सोडला. स्वतःच चमकली. "मला नाही माहीत," ती म्हणाली. "तू म्हणालीस की आपोआप होतं."

"कधीपासून?"

"पाचवीपासून असेल." मग जरा थांबून म्हणाली, "तुझ्या शेजारी बसलं की होतं. देसाईसरांचा डेमो क्लास केला ना, तिथं नाही झालं."

मटाराची एक शेंग माझ्या हातात उघडीच राहिली. वर्गात मी 'दम धरा' म्हणते तेव्हा पोरं गप्प होतात, तो माझा दरारा आहे असं मला वाटायचं. 'चौगुलेबाईंच्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू येते' असं मुख्याध्यापक पाहुण्यांना सांगत. साठ पोरं, आणि एकाचाही श्वास ऐकू येत नसे.

"मी होडी धरली होती," मी म्हटलं.

तिनं वर पाहिलं.

"तुला दिसलं नाही. होडी मधे होती. पण धरली."

"किती वेळ?"

"चार-पाच सेकंद."

"मग धरलीस की."

"धरलीच."

मला वाटलं हसेल, नाहीतर चिडेल, आख्खा दिवस फुकट टाळ्या वाजवायला लावल्या म्हणून. तिनं वही मिटली. "म्हणजे सोमवारपासून देसाईसर."

"सोमवारपासून देसाईसर."

"आणि तू शिकवायला बसायचं नाही."

"नाही बसणार."

ती उठली. दारापर्यंत गेली आणि तिथं थांबून तिनं विचारलं, "पण मग नंतर पार कसा केलास? मागच्या वर्षी तर धरल्यावर सोडलीच नव्हतीस."

मी तिला सगळं सांगितलं. मामांचं, बुडबुड्यांचं, सातच्या पाढ्याचं. बादलीतल्या बावन्न सेकंदांचं सांगितलं तेव्हा ती दाराला धरून इतकी हसली की सर्जेराव बाहेरून बघायला आले. एवढी हसताना मी तिला किती दिवसांत पाहिलं नव्हतं, ते मोजायला गेले नाही.

त्याला आता नऊ वर्षं झाली. तेजलला दहावीला गणितात बावन्न पडले, आणि आमच्या घरी तो आकडा निघाला की अजून कुणीतरी बादलीचा विषय काढतंच.

मी शब्द पाळला, तिला पुन्हा शिकवायला बसले नाही. पण तो सोमवार उलटल्यावर मंगळवारी संध्याकाळी ती देसाईसरांचा गृहपाठ घेऊन स्वयंपाकघरातच आली. "शिकवायचं नाही," तिनं बजावलं. "नुसतं बसायला हरकत नाही."

परीक्षेपर्यंत मग रोज तसंच. ती एका बाजूला गणितं सोडवायची, मी दुसऱ्या बाजूला काहीतरी निवडत, सोलत बसायची. वहीकडे बघायचं नाही, विचारायचं नाही. मधेच तिची पेन्सिल थांबे. मी मान वर न करता नुसता कान देई. श्वास ऐकू आला, की पुढची शेंग सोलायला घेई.